न निघालेला बोल्ट

घरात त्याला सगळे उस्ताद म्हणत. नोकरी विमा कंपनीत, टेबलावरची. पण लहानपणी कधीतरी त्याने शेजाऱ्यांचा बंद पंखा चालू करून दाखवला आणि तेव्हापासून मिक्सर, इस्त्री, गळका नळ, जे बिघडेल ते त्याच्या पुढ्यात यायला लागलं. लग्नानंतर तो दुसऱ्या घरी राहायला गेला. आई धाकट्या मुलाकडे राहिली. तरी तिथे काही मोडलं की फोन उस्तादलाच जायचा, आणि तोही रविवारी सकाळी पान्यांची पेटी घेऊन हजर व्हायचा. बाहेरच्या कारागिराला बोलावणं त्याला स्वतःचा अपमान वाटे.

धाकट्या भावाच्या बायकोला सगळे धाकटी म्हणत. ती औषधांच्या दुकानात काम करायची आणि घरातली गाडी जास्त करून तीच चालवायची. नवऱ्याला गर्दीत गाडी चालवायचा कंटाळा होता, आणि सासूबाईंना दवाखान्यात, बँकेत, बहिणीकडे नेणं तिच्याकडेच आलं होतं.

त्या वर्षी गाडी सकाळी चालू करताना कुईं करून ओरडायला लागली. उस्तादने बॉनेट उघडून कान लावला आणि निदान केलं. इंजिनाच्या कडेला जो लांब बेल्ट फिरतो, ज्याच्यावर स्टेअरिंगचा पंप आणि बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर चालतो, तो झिजलाय. आणि बेल्टला ताणून धरणारा टेन्शनर, म्हणजे स्प्रिंगवरचा एक हात आणि त्याच्या टोकाची पुली, तोही गेलाय. दोन्ही बदलायला हवेत. एका रविवारी त्याने घरासमोर हे काम केलं. दुपारी हात धुताना त्याने सांगितलं, दोन्ही नवे टाकलेत, आता काही वर्षं बघायला नको. सगळ्यांनी मान डोलावली.

काही आठवड्यांनी आवाज परत आला. धाकटीने फोन करून सांगितलं, तर उस्ताद म्हणाला की बेल्ट नवा आहे, नीट बसायला वेळ लागतो. तिने विश्वास ठेवला. न ठेवायला कारण नव्हतं.

मग एका दुपारी ती सासूबाईंना त्यांच्या बहिणीकडून घरी आणत होती. रस्ता उताराचा होता आणि पुढे दगडी भिंतीजवळ वळण होतं. वळणाच्या जरा आधी इंजिनातून फट् असा आवाज आला, समोर बॅटरीचा लाल दिवा लागला आणि स्टेअरिंग एकदम दगडासारखं जड झालं. तिने ब्रेक दाबला, दोन्ही हातांनी जीव खाऊन चाक ओढलं. गाडी वळली, पण पुरती नाही. डावी बाजू भिंतीला घासत गेली आणि थांबली. तिला स्वतःला काही झालं नाही. मागे बसलेल्या सासूबाई पुढच्या सीटवर आपटल्या आणि त्यांच्या खांद्याजवळचं हाड मोडलं.

खरा अपघात त्यानंतर झाला असं धाकटी म्हणायची.

गाडी दोर बांधून घरी आणली तेव्हा उस्ताद आला होता. बॉनेट उघडून त्याने फार वेळ पाहिलंसुद्धा नाही. बेल्ट निघालाय, बरोबर आहे, म्हणाला. एवढी धडक बसल्यावर निघणारच. धाकटीने सांगितलं की बेल्ट आधी निघाला, धडक नंतर बसली. त्याने तिच्याकडे दयेने पाहिलं. माणूस घाबरला की मागचं पुढे होतं, असं तो म्हणाला. सासूबाईंना विचारलं तर त्या हात गळ्यात बांधून खाटेवर बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, माझा डोळा लागला होता, मला काही ठाऊक नाही. झालं. नवऱ्याने गाडीची किल्ली तिच्या पर्समधून काढून कपाटात ठेवली आणि "काही दिवस राहू दे" एवढंच म्हणाला. काय झालं होतं, हे त्याने विचारलं नाही. त्या दिवशी नाही, नंतरही नाही.

गाडी घरासमोर उभी राहिली. पत्रा ठोकून झाला, पुढचा फुटलेला दिवा बदलून झाला. बेल्ट उस्ताद टाकणार होता, सवड मिळाली की. धाकटी बसने दुकानात जायला लागली. सासूबाईंची वेणी घालणं, त्यांना आंघोळीला मदत करणं, औषधं देणं हे सगळं ती करत होती, आणि भेटायला येणारे पाहुणे तिच्यासमोरच सासूबाईंना विचारायचे, "फार जोरात चालवत होती का?" सासूबाई म्हणायच्या, "व्हायचं होतं ते झालं." धाकटी पाण्याचे पेले उचलून आत जायची. दात-ओठ खाऊन माणूस किती दिवस काढू शकतं, हे तिला त्या दिवसांत समजलं.

मग उस्तादच्या घरी सगळे जेवायला जमले. जेवताना त्याने पाहुण्यांना हसवायला घेतलं. वळण आलं, तो हाताने वळण काढून दाखवत म्हणाला, आणि आमच्या धाकटीला वाटलं भिंत आपलीच आहे, भेटून जाऊ. सगळे हसले. मोठ्या जाऊबाई हसल्या, नवरासुद्धा ताटात बघून हसला. सासूबाई हसल्या नाहीत, पण त्यांनी वरही पाहिलं नाही.

धाकटीने हात धुतला आणि कुणाशी न बोलता बाहेर जाऊन पायरीवर बसली. तिला रडू येईल असं वाटलं होतं. आलं नाही. त्याऐवजी कानशिलं तापली आणि डोकं मात्र एकदम स्वच्छ झालं. आपणच जाऊन त्या इंजिनात बघायचं, हे तिने तिथेच ठरवलं.

पुढच्या सुट्टीच्या दिवशी सकाळी ती सुट्या भागांच्या दुकानात गेली आणि गाडीचं मॉडेल सांगून बेल्ट घेऊन आली. टेन्शनर घेतला नाही. तो तर नवाच होता. कपाटातली किल्ली तिने न विचारता घेतली, जुना सलवार-कमीज चढवला, गेल्या वेळी उस्ताद विसरून गेलेली पान्यांची पेटी ओढत बाहेर आणली. नवरा दारात येऊन उभा राहिला. दादा येणारच आहे की, म्हणाला. ती म्हणाली, मग येऊ दे.

बॅटरीची वायर तिने सोडवली. बॉनेटच्या आतल्या बाजूला बेल्ट कुठून कसा फिरतो याचं छोटं चित्र चिकटवलेलं होतं, ते तिने ओल्या फडक्याने पुसून नीट वाचलं. फोनवर एक व्हिडिओ आधीच दोनदा पाहिला होता. इंजिनाच्या कडेला, जिथे हात जेमतेम जात होता, तिथे जुना बेल्ट पुल्यांमध्ये अडकून लोंबत होता. तो तिने ओढून बाहेर काढला आणि वर्तमानपत्रावर पसरला.

बेल्टची एक कड शाबूत होती. दुसरी कड टोकापासून टोकापर्यंत कुरतडल्यासारखी झाली होती. दोरे बाहेर आले होते, दोऱ्यांत काळी भुकटी बसली होती. एका धडकेत असं होत नाही. हे रोज थोडं थोडं घासून झालं होतं.

तिने टॉर्च घेऊन पुन्हा आत पाहिलं. बेल्टला ताणून धरणारा हात एका बाजूला कलला होता. बोट लावलं तर पडायला आलेल्या दातासारखा हलत होता. त्याची पुली फिरवली तर आतून खरखर आवाज आला. आणि सगळ्यावर गंज होता. नुसता रंग उडालेला नाही, चांगला जुना, पापुद्रे आलेला गंज. नव्या टेन्शनरवर एवढा गंज चढायला गाडी समुद्रात बुडवून ठेवावी लागली असती.

मग तिला बोल्ट दिसला. टेन्शनर इंजिनाला धरून ठेवणारा एकच मोठा बोल्ट होता आणि त्याच्या डोक्याचे कोपरे गोल झाले होते. त्यावर ओरखडे होते. कुणीतरी पाना लावला होता, तो घसरला होता, पुन्हा लावला होता, पुन्हा घसरला होता. किती वेळा, ते धातूवर दिसत होतं. तिच्या डोळ्यांसमोर उस्ताद उभा राहिला, उन्हात घामेजलेला, इकडेतिकडे बघत. बोल्ट निघाला नाही. मग त्याने जुन्याच टेन्शनरवर नवा बेल्ट चढवला, हात धुतले आणि घरात येऊन सांगितलं, दोन्ही नवे टाकलेत.

धाकटीने नवऱ्याला हाक मारली. टॉर्च त्याच्या हातात दिली आणि बघ म्हणाली. त्याने पाहिलं. बराच वेळ पाहिलं. शेवटी म्हणाला, "दादाची काहीतरी गडबड झाली असेल."

"तू एकदा तरी विचारलंस मला?" ती म्हणाली. आवाज तिने चढवला नाही. "त्या दिवशी काय झालं, हे एकदा तरी विचारलंस?"

त्याने खिशातून फोन काढून भावाला लावला, बाजूला जाऊन हळू आवाजात बोलला आणि परत येऊन म्हणाला, दादा निघालाय.

तो येईपर्यंत बोल्ट काढायचाच, असं तिच्या मनाने घेतलं. ही आता गाडीची गोष्ट राहिली नव्हती. तिने गंज सोडवणारं तेल बोल्टच्या मुळाशी मारलं आणि ते आत मुरेपर्यंत तिथेच बसून राहिली. मग मापापेक्षा किंचित लहान गोटी, म्हणजे टोपीसारखा बसणारा पाना, बोल्टच्या डोक्यावर ठेवून हातोडीने ठोकून बसवली, म्हणजे घसरायला जागाच राहू नये. गोटीला मूठ लावली, मुठीला लोखंडी पाइप अडकवला आणि ओढलं. काही झालं नाही. पुन्हा तेल, पुन्हा हातोडी. पाइपवर छातीचा भार टाकला तेव्हा बोटांची सालटी निघाली. प्रत्येक ओढीला तिला काहीतरी आठवत होतं. घाबरला की मागचं पुढे होतं. ओढ. फार जोरात चालवत होती का. ओढ. भिंतीला भेटून जाऊ. त्या वेळी कर्र असा मोठा आवाज आला. तिला वाटलं, तुटला. पण तुटला नव्हता. हलला होता. त्यानंतर तो हळूहळू, कुरकुरत, पण निघाला.

सासूबाई एवढ्यात बाहेर येऊन खुर्चीवर बसल्या होत्या. त्यांनी विचारलं, हात कापला का. धाकटीने बोटं फडक्याला पुसली.

उस्ताद आला तेव्हा ती जुना टेन्शनर वर्तमानपत्रावर ठेवत होती आणि शेजारी बोल्ट पडला होता. त्याने आधी गाडीकडे पाहिलं नाही, तिच्याकडे नाही, बेल्टकडे नाही. बोल्टकडे पाहिलं.

"निघाला?" तो म्हणाला.

तोंडातून शब्द गेल्यावर त्याला कळलं असावं. पण तोवर सगळ्यांनी ऐकलं होतं. त्याच्या काखेत एक खोकं होतं, चिकटपट्टी न उघडलेलं, वर टेन्शनरचं चित्र. ते त्याने पुढे केलं. हा घे, म्हणाला, नवाच आहे, घरी पडून होता. मी पुढच्या सर्व्हिसिंगला टाकणारच होतो. जणू काही ती अडली होती आणि तो मदतीला धावून आला होता.

धाकटीने खोकं घेतलं.

"म्हणजे हा इतके दिवस तुमच्या घरी होता," ती म्हणाली.

त्यावर उस्तादने पुष्कळ बोलून घेतलं. जुना टेन्शनर तेव्हा अगदीच वाईट नव्हता. नवा बेल्ट होता, निभावलं असतं. कामात असे निर्णय घ्यावे लागतात, बाहेरून बघणाऱ्याला ते समजत नाहीत. आणि मुख्य म्हणजे अपघाताचा याच्याशी काही संबंध नाही, बेल्ट धडकेनेच निघाला, हे त्याने पुन्हा सांगितलं. धाकटीने बेल्टची कुरतडलेली कड त्याच्यासमोर धरली. ते कशानेही होऊ शकतं, तो म्हणाला. नवऱ्याने घसा साफ केला आणि झालं ते झालं, आता भांडून काय उपयोग, असं काहीसं पुटपुटला.

"फट् असा आवाज आला होता," सासूबाई म्हणाल्या.

सगळे त्यांच्याकडे वळले. त्या खुर्चीत ताठ बसल्या होत्या, गळ्यातल्या झोळीतला हात दुसऱ्या हाताने धरून.

"आधी आवाज आला. मग ही म्हणाली, आई, स्टेअरिंग वळत नाहीये, घट्ट धरून बसा. मग भिंत आली."

"आई, तू झोपली होतीस," उस्ताद म्हणाला. "तूच म्हणालीस."

"म्हणाले होते."

उस्तादचा चेहरा उतरला. पण धाकटी त्याच्याकडे बघतच नव्हती. इतक्या दिवसांचा सगळा राग तिच्या अंगातून उठून त्या खुर्चीकडे गेला. ह्या बाईची वेणी ती रोज घालत होती. ह्या बाईला आंघोळ घालताना दुखऱ्या खांद्याला पाणीसुद्धा जोराने लागू नये म्हणून तांब्या हळू ओतत होती. आणि ह्या बाईला सगळं माहीत होतं.

"तुम्हाला माहीत होतं," ती म्हणाली. "लोक माझ्या तोंडावर विचारत होते, तेव्हा माहीत होतं. परवा सगळे हसले, तेव्हाही."

"हो."

"मग?"

"त्याला कुणी चुकला म्हटलेलं सोसत नाही," सासूबाई म्हणाल्या. "लहानपणापासून नाही. तू सोसशील असं वाटलं."

"म्हणून माझ्यावर टाकलंत."

"हो. टाकलं."

त्यांनी माफी मागितली असती तर धाकटीला काय करावं ते कळलं नसतं. त्यांनी मागितली नाही, हे एका परीने बरं झालं. ती पाठ फिरवून इंजिनाकडे गेली. काम तसंच पडलं होतं, आणि हातांना काहीतरी काम हवं होतं.

नवा टेन्शनर तिने खोक्यातून काढला. त्याच्या पाठीला एक छोटी खुंटी होती, ती इंजिनावरच्या भोकात बसवली, खोक्यातलाच नवा बोल्ट आधी हाताने फिरवला आणि मग पान्याने आवळला. बेल्ट चित्राप्रमाणे एकेका पुलीवरून घेतला, खालून, वरून, पुन्हा खालून. शेवटची पुली राहिली. आता कुणीतरी टेन्शनरचा हात स्प्रिंगच्या विरुद्ध ओढून धरायला हवा होता, म्हणजे बेल्ट ढिला होऊन चढवता येईल. उस्ताद पुढे आला. सरक, म्हणाला, मी करतो.

"तुम्ही फक्त पाना धरायचा," धाकटी म्हणाली. "मी सोडा म्हणेपर्यंत सोडायचा नाही. माझी बोटं आत आहेत."

बाह्या सरसावून त्याने पाना धरला आणि ओढला. स्प्रिंग कडक होती. त्याच्या मानेच्या शिरा ताणल्या. तिने बोटं आत घालून बेल्ट शेवटच्या पुलीवर सरकवला आणि सोडा म्हणाली. त्याने हळूच सोडलं. मग तिने प्रत्येक पुलीवर बोट फिरवून पाहिलं. एका ठिकाणी बेल्टची एक धार खाचेच्या बाहेर बसली होती. एवढ्यानेही पुन्हा कड कुरतडली गेली असती.

"परत ओढा," ती म्हणाली.

त्याने परत ओढलं. यावेळी दोघांची डोकी इंजिनावर जवळजवळ टेकली होती आणि त्याचा श्वास तिला ऐकू येत होता. बाकीच्यांना जाणार नाही एवढ्या आवाजात तो म्हणाला, "निघतच नव्हता गं तो."

"मग तसं सांगायचं," ती म्हणाली. "बोल्ट कुणाचाही अडकतो. सोडा आता."

बॅटरी जोडून तिने गाडी चालू केली. बेल्ट सरळ फिरत होता, कुठे हलत नव्हता, ओरडत नव्हता. उभ्या गाडीतच तिने स्टेअरिंग दोन्ही बाजूंना पुरतं फिरवून पाहिलं. ते एका बोटाने फिरलं. नवरा चांगलं झालं म्हणाला. उस्ताद आपले पाने गोळा करून पेटीत भरत होता. जाताना धाकटीने त्याला अडवलं आणि म्हणाली की ज्यांच्यासमोर तुम्ही ती भिंतीची गोष्ट सांगितलीत, त्यांच्यासमोर हीसुद्धा सांगायची. तो म्हणाला, बघू.

त्याने सांगितली, पण आपल्या पद्धतीने. टेन्शनर कंपनीचाच खराब निघाला, त्यात धाकटीचा काही दोष नव्हता, असं तो लोकांना सांगतो असं तिच्या कानावर आलं. तिचं डोकं पुन्हा भडकलं. फोन उचलून ती नंबर लावायला निघाली, तेवढ्यात सासूबाईंनी फोन आपल्याकडे मागितला. त्यांनी आधी मोठ्या सुनेला लावला, मग बहिणीला, मग त्या दिवशी जेवायला असलेल्या प्रत्येकाला. प्रत्येक वेळी तेच सांगितलं. टेन्शनर त्याने बदललाच नव्हता. बदलला म्हणून खोटं सांगितलं. आणि मला ठाऊक होतं, मी बोलले नाही. शेवटचा फोन झाल्यावर त्यांनी तो ओट्यावर ठेवला. त्यांचा चेहरा थकलेला होता. उस्ताद त्यानंतर बरेच दिवस आईकडे आला नाही, आणि त्याचा त्यांना त्रास झाला हे धाकटीला दिसत होतं.

नवऱ्याला तिने त्याच आठवड्यात बसवून सगळं सांगितलं, आवाज, दिवा, चाक, भिंत. तो खाली मान घालून ऐकत होता. शेवटी चुकलं म्हणाला. तिने ठीक आहे म्हटलं नाही. सासूबाईंना आंघोळ काही दिवस त्याने घालावी, असं सांगितलं. त्याने घातली, पहिल्या दिवशी पाणी एवढं गरम घेतलं की सासूबाई आतून ओरडल्या.

हाड जुळलं का बघायला जायचा दिवस आला. सासूबाई गाडीपाशी येऊन मागचं दार उघडायला गेल्या. धाकटीने पुढे बसा म्हटलं, त्यांना पट्टा लावता येत नव्हता म्हणून वाकून तो लावून दिला आणि गाडी काढली. निम्मा रस्ता सरला.

"अजून राग आहे?" सासूबाईंनी विचारलं.

"आहे," धाकटी म्हणाली.

सासूबाईंनी मान हलवली आणि खिडकीची काच थोडी खाली घेतली. पुढे चौकात गर्दी होती. धाकटीने गाडी हळू केली आणि रस्ता मोकळा होण्याची वाट बघत थांबली.